आजीची चव खुलन्यात शोधू नकोस

विचारणारीचं माहेर गडचिरोली जिल्ह्यात, मूलचेरा तालुक्यातल्या बंगाली कॅम्पात, म्हणजे निर्वासितांच्या वसाहतीत. सासर यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळच्या खेड्यात. आई लहानपणीच गेली, आजीनं, म्हणजे ठाकुमानं वाढवलं. ठाकुमा १९६४ साली सोळा वर्षांची असताना खुलन्याहून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून आली होती. दोन वर्षांपूर्वी ती वारली. लिहून ठेवलेलं काही नाही. नातीनं मोबाइलवर कलकत्त्याच्या बायांचे व्हिडिओ बघून मोहरीतली मासोळी, शुक्तो म्हणजे कडसर मिसळभाजी, मटण, संक्रांतीचा पाटिशाप्टा म्हणजे सारण भरून गुंडाळलेलं गोड धिरडं, असं सगळं करून पाहिलं. मोहरी कडू होते, पाटिशाप्टा तव्यावर फाटतो, मटण लालभडक आणि गोडसर होतं. ठाकुमाचं मटण मात्र काळसर आणि झणझणीत असायचं. सासूबाईंना मोहरीच्या तेलाचा वास सोसत नाही. शेवटी ती लिहिते: "सगळं सामान मागवलं, तरी घर काही लागत नाही. मूळ कृती कुठे मिळेल?"

पोरी, मी ब्रह्मपुरीकडची, झाडीपट्टीतली. लग्न होऊन चामोर्शी तालुक्यात आले आणि अठ्ठावीस वर्षं झाली, रस्त्याकाठी खानावळ चालवते. पहिल्या वर्षापासून माझ्या चुलीपाशी कॅम्पातली एक वयस्कर बाई होती. त्यांच्या भाषेत मावशीला मासी म्हणतात. आपल्या मावशीच्या इतकं जवळचं ते नातं की दुसऱ्या दिवसापासून मीही तिला मासीच म्हणू लागले. ती गेली तेव्हा माझे हात तुझ्यासारखेच रिकामे झाले होते. नंतर मी कॅम्पाकॅम्पातून फिरले, म्हाताऱ्या बायांजवळ बसले, त्यांचं रांधणं वजनकाट्यावर मोजून उतरवून घेतलं. त्याच्या चार वह्या झाल्या. त्या वह्यांच्या जोरावर हे सांगते.

आधी तुझा शेवटचा प्रश्न घेते, कारण बाकीचं त्यावरच ठरतं. ठाकुमा खुलन्यात सोळा वर्षं राहिली आणि मूलचेऱ्याकडे जवळजवळ साठ. सोळा वर्षांच्या पोरीच्या हाती घरची बाई काय देते? वाटण वाट, मासोळी घास, भात बघ. तिची स्वतःची चूल पेटली ती इकडे येऊनच. तू जिला ठाकुमाची चव म्हणतेस, ती गडचिरोलीच्या रानात, रेशनच्या धान्यावर, आठवडी बाजारात मिळालं त्यातून बनत गेली. खुलन्याला जाऊन दारोदार विचारलंस तरी ती तुला कोणी सांगू शकणार नाही. मूळ कृती ठाकुमाच्याच चुलीवर होती. ती निम्मी तुझ्या आठवणीत आहे आणि निम्मी कॅम्पातल्या चार-पाच घरांत अजून शाबूत आहे.

डिसेंबर १९६३ मध्ये काश्मीरला हजरतबल दर्ग्यातला पवित्र केस नाहीसा झाला, त्याचा वणवा जानेवारीत पूर्व पाकिस्तानात पेटला. खुलन्यात दंगली झाल्या आणि माणसं सीमा ओलांडू लागली. त्यांतल्या पुष्कळांना रायपूरजवळच्या माना छावणीत ठेवलं. तिथून काही कुटुंबं आपल्याकडे, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवली. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ मध्ये. मासी सांगायची, मान्यात तंबूपुढे तीन दगडांची चूल, मोजून मिळणारा शिधा आणि मोहरीच्या तेलाचा थेंब नाही. मग तिच्या आईनं काय केलं? मोहरीची पूड कोरडी भाजून वरून भुरभुरली. ती सवय इतकी मुरली की पुढे तेल मिळू लागलं तरी मासीच्या घरी लाल भोपळ्याच्या भाजीवर भाजक्या मोहरीची पूड पडतच राहिली. ही कृती तुला कोणत्याही व्हिडिओत दिसणार नाही.

व्हिडिओंबद्दलही एक गोष्ट ध्यानात घे. त्यांतलं बरंचसं रांधणं पश्चिम बंगालचं, घोटी लोकांचं आहे. पूर्वेकडून आलेल्यांना बांगाल म्हणतात. दोघांच्या चुलीत पहिल्यापासून फरक आहे. घोटी भाजीत आणि रश्श्यात चिमूटभर साखर घालतात, खसखशीचं वाटण वापरतात. बांगाल घरात मिरची जास्त, साखर जवळपास नाही, मासोळी रोज आणि सुकी मासोळीसुद्धा मानाची. तुझं मटण गोड झालं त्याचं कारण एवढंच. साखर काढून टाक. निम्मा दुरावा तिथेच मिटेल.

आता मोहरी. ही मी नीट समजावून सांगते, कारण शंभरातल्या नव्वद जणी इथेच अडतात. मोहरीचा दाणा चावून बघ. पहिल्या क्षणी काही लागत नाही, मग नाकात झणका चढतो. कारण झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटतो, त्याला पाणी लागतं, मग आतली दोन द्रव्यं एकमेकांना भेटतात आणि तिखटपणा जन्माला येतो. त्याला गार पाणी लागतं आणि दहा-पंधरा मिनिटांचा वेळ लागतो. गरम पाणी घातलं, किंवा मिक्सरचं भांडं फिरून फिरून तापलं, की झणका येत नाही आणि नुसता कडवटपणा मागे राहतो. फार वेळ वाटलं की सालं पार दळली जातात आणि तीही कडवटपणा वाढवतात.

म्हणून असं कर. अर्धा किलो मासोळीला दोन मोठे चमचे मोहरी, निम्मी पिवळी निम्मी काळी. अर्धा तास गार पाण्यात भिजव. ते पाणी फेकून दे. दोन हिरव्या मिरच्या आणि चिमूटभर मीठ घालून पाट्यावर वाट. मिक्सरच असेल तर थांबत थांबत चार-पाच झटके दे, वर गार पाणीच घाल. वाटण झाकून दहा मिनिटं ठेव. मग गाळणीतून गाळून सालं बाजूला काढ. मासोळीला मीठ-हळद लावून पाव तास झाला असेल. कढईत मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापव, खाली उतरव, जरा निवू दे, पुन्हा चुलीवर ठेव आणि तुकडे दोन्ही बाजूंनी हलके तळून काढ. त्याच तेलात अर्धा चमचा कलौंजी आणि चिरलेली मिरची टाक. आपल्याकडे काही दुकानदार कलौंजीला कांद्याचं बी म्हणतात, ते खरं नाही. कांद्याशी तिचा काही संबंध नाही, म्हणून तिच्याऐवजी कांद्याचं पेरायचं बी घरी आणू नकोस. आता आच मंद. वाटण पाण्यात कालवून घाल, मासोळी सोड, पाच-सात मिनिटं. खदखदा उकळू द्यायचं नाही, उकळलं की पुन्हा कडू. उतरवताना वरून चमचाभर कच्चं तेल.

मासोळी कोणती? ठाकुमाची मोहरीतली मासोळी इलिशची नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. इलिश समुद्रातून नदीत चढणारी मासोळी, ती आपल्या वैनगंगेत कुठून येणार? तिनं रोहू वापरली असेल, नाहीतर मरळ, तिला त्या लोकांत शोल म्हणतात. मामा तलावातली, म्हणजे माजी मालगुजारी तलावातली मासोळी ढिवराच्या बाया टोपलीत घेऊन दारी येतात, कॅम्पातली निम्मी रसोई त्यांच्या टोपलीवरच चालत आली. दारव्ह्याला तुला अरुणावतीच्या धरणातली रोहू-कतला मिळेल. कल्ले लाल, डोळा फुगीर आणि बोटानं दाबल्यावर मांस वर येणारं असेल तरच घे. धरणातल्या मासोळीला कधी चिखलाचा वास असतो. त्याला मीठ-हळदीबरोबर लिंबू चोळ आणि जरा जास्त तळ. मागुर म्हणून बाजारात जी मोठी काळी मासोळी विकतात ती बहुतेक थाई मांगूर असते. तिच्या पैदाशीवर आपल्या देशात बंदी आहे, ती घेऊ नकोस. ठाकुमा आजारपणात मागुरचा पातळ रस्सा द्यायची असं तू लिहिलंस. देशी मांगूर मिळाली तरच तो कर.

शुक्त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस. कारलं, कच्चं केळं, वांगं, शेवग्याच्या शेंगा, तळलेल्या वड्या आणि शेवटी दूध, एवढाच तो खेळ. पाँचफोरन, म्हणजे फोडणीचा पाच जिनसांचा मसाला, घरीच कर: जिरं, बडीशेप, कलौंजी, मोहरी सारख्या मापानं आणि मेथी निम्मी. मोहरीच्या जागी काही जणी राँधुनी नावाचं अजमोद्यासारखं बी सांगतात, ते आपल्याकडे मिळत नाही. बंगालातही कितीतरी घरांत त्याच्या जागी मोहरीच घालतात.

मटणाचं वाचलं तेव्हा मी माझी दुसरी वही काढून बसले. खुलन्याकडे मटणात चुईझाल घालतात. मिरवेलीच्या जातीचा एक वेल असतो, त्याच्या खोडाचे तुकडे. आयुर्वेदात चव्य म्हणतात ते हेच. त्याचा तिखटपणा मिरचीसारखा जिभेवर चटकन बसत नाही, घशात सावकाश उतरतो आणि तिथेच रेंगाळतो. इकडे आलेल्या खुलन्याच्या बायांना चुईझाल मिळालं नाही. माझ्या वहीत तीन घरं अशी आहेत की जिथे त्याऐवजी पिंपळमूळ घालतात. बाळंतिणीच्या लाडवांना आपण वापरतो तेच, बाजारात जडीबुटीवाल्याकडे मिळणारं. ते मिरवेलीच्याच कुळातलं आहे. कोणा म्हातारीनं ते आधी चावून बघितलं असेल, घशातली ती ओळखीची जळजळ तिला लागली असेल आणि तिनं ते पदराला बांधून घरी नेलं असेल. हे लिहून घेतलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

आता काळा रंग. तो खुलन्याचा नाही, आपला आहे. आपल्याकडे सुकं खोबरं निखाऱ्यावर पार काळं भाजतात, कांदा सालीसकट चुलीत सारतात, दगडफूल तेलात परततात. शेजारच्या घरी लग्न निघालं की कॅम्पातल्या बाया मदतीला जायच्या, आमच्या बाया त्यांच्या पूजेला. त्यात पाट्यावरचं वाटण या घरचं त्या घरी गेलं. ठाकुमाचं मटण काळसर होतं म्हणजे तिच्या वाटणात खोबरं आणि दगडफूल नक्की होतं. किलोभर मटणाला पाच कांदे, त्यातले दोन भाजलेले, अर्धी वाटी काळं भाजलेलं खोबरं, एक चमचा दगडफूल, आलं, लसूण, धणे, लाल मिरची. पिंपळमूळ करंगळीच्या पेराएवढे दोन तुकडे ठेचून फडक्यात बांध आणि रश्श्यात सोड, वाढायच्या आधी पुरचुंडी काढ. जास्त घातलंस तर औषधाचा वास येईल. तेल मोहरीचं. मटण परततानाच घरात जो वास सुटेल त्यावरून तुला कळेल, मला विचारावं लागणार नाही.

पाटिशाप्टा फाटतो तो विकतच्या तांदळाच्या पिठामुळे. ते पीठ जुनं, कोरडं, बरड असतं. दोन वाट्या तांदूळ पाच तास भिजवून ओले वाट. जाड कच्चा तांदूळ घे, उसना म्हणजे उकडा नको, उसन्याला चिकटपणा येत नाही. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी शोधलेला एचएमटी तांदूळ आमच्या घरी रोज शिजतो, भाताला त्याच्यासारखा दुसरा नाही, पण पिठ्यासाठी, म्हणजे पाटिशाप्ट्यासारख्या बंगाली गोड पदार्थांसाठी, मी जाड धानाचाच घेते. वाटलेल्यात अर्धी वाटी मैदा, चवीपुरता गूळ आणि दूध. पीठ तासभर ठेव. तू लहानपणी शेजारणीकडे आयते, म्हणजे तांदळाची धिरडी, खाल्ले असशील, त्या आयत्यांइतकंच पातळ पीठ हवं. तवा फार तापवू नकोस. वांग्याचं देठ तेलात बुडवून तव्यावर फिरव, ही बंगाली बायांची रीत आहे, कापसाचा बोळा किंवा चमचा घेऊ नकोस. पहिला फाटतोच, तो पोरांना दे.

सारणात नारळ आणि खेजूर गूळ. इथे थोडं थांबते. खेजूर म्हणजे कोणतं झाड ते तुला माहीत आहे का? ती आपली शिंदी. नाव वेगळं, झाड तेच, अगदी एकाच जातीचं. खुलन्याहून आलेल्या माणसांना हा मुलूख सगळाच परका होता, सागाचं रान, लाल माती, लोक कोणत्या भाषेत बोलतात ते कळेना. आणि ओढ्याकाठी बघतात तर शिंदीची झाडं उभी. आपल्याकडे शिंदीचा रस काढतात तो प्यायला. बंगालात थंडीत पहाटे रस उतरवतात आणि ऊन चढायच्या आत आटवायला घेतात, कारण उन्हानं तो आंबतो. मासीचा दीर पहिली काही वर्षं मडकं बांधायचा, रस आटवून संक्रांतीपुरता गूळ करायचा. मडक्याच्या तळाशी लागलेला गूळ पोरं नखानं खरवडून खायची, असं मासी सांगायची आणि सांगताना तिचा आवाज बदलायचा. पुढे ते बंद पडलं. आपल्याच विदर्भात, वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी १९३४ मध्ये काढलेल्या ग्रामोद्योग संघाचं काम चाललं, ताडाच्या आणि शिंदीच्या गुळाला त्या मंडळींनी मोठं महत्त्व दिलं होतं. ते खेड्याखेड्यात टिकायला हवं होतं, आजही मला त्याची चुटपुट लागते.

विकतचा खेजूर गूळ मागवशील तर जपून. पुष्कळदा त्यात साखर असते. चांगला गूळ थंडीतही बोटानं तुटतो आणि त्याला धुराचा वास असतो. दगडासारखा कडक, चकाकणारा आला तर परत कर. पण ठाकुमानं दरवर्षी तो कुठून आणला असता? तू लिहिलंस की तिचं सारण 'फुलासारखं वास यायचं आणि जरा तुरट लागायचं'. हे वाचून मी उठून उभी राहिले. ते मोहफूल असणार. माझ्या तिसऱ्या वहीत दोन घरी हीच कृती आहे. चैत्रात वेचून वाळवलेली मोहफुलं निवडून धुवायची, पाण्यात मऊ शिजवायची, फडक्यातून पिळायची आणि तो रस साध्या गुळाबरोबर आटवायचा. नारळ महाग पडला तर निम्मे भाजलेले तीळ. त्या घरांच्या पिठ्यात तीळ आले ते असे. वाटीभर मोहफुलांना वाटीभर गूळ घे, मधाइतकं घट्ट झालं की त्यात खोबरं-तीळ परत. मोह दारव्ह्याला मिळाला नाही तर कॅम्पातून कोणाकडून मागव, बाजारात पायलीनं मिळतो.

सासूबाईंबद्दल. तेलाचा वास त्यांना नको, हे हट्टानं सोडवायचं काम नाही. बाई जन्मभर शेंगदाण्याच्या, जवसाच्या तेलावर जेवली आहे. तेल अंगणातल्या चुलीवर धूर काढून तापव, गार करून बाटलीत भरून ठेव, मग रोजच्या वापरात घरभर वास सुटत नाही. पहिल्यांदा त्यांच्यापुढे मासोळी ठेवू नकोस, वांगं ठेव. ठाकुमाचा बेगुन भोरता आणि सासूबाईंचं भरीत ही सख्खी भावंडं आहेत, नावसुद्धा एकाच घरातलं. वांगं त्यांना तुराट्यांवर भाजू दे, ते त्यांच्याइतकं तुला जमणार नाही. मग दोन वाट्या कर. एकीत त्यांची फोडणी आणि कांद्याची पात, दुसरीत कच्चा कांदा, हिरवी मिरची आणि कच्च्या मोहरीच्या तेलाचे चार थेंब. भाकरीबरोबर दोन्ही जातात. कोहळ्याच्या वड्या त्याही घालतात, ठाकुमाही घालायची. रात्रभर भिजवलेली उडदाची डाळ, किसलेला कोहळा आणि फेटणं तेच. उन्हाळ्यात दोघी मिळून एकाच बाजेवर घाला. आणि कोचईला, म्हणजे अळूला, कॅम्पात कोचू म्हणतात. पानं त्यांना चिरू दे, चिंच तू घाल.

माझी मासी पहिल्यांदा माझ्या सासूच्या स्वयंपाकघरात आली तेव्हा सासू दारातच उभी राहिली होती. आत ये म्हणाली नाही. मासीनं कोपऱ्यातली विळी ओढली, पाय दुमडून बसली आणि वांगी चिरू लागली. त्यांच्याकडे तिला बोटी म्हणतात, बसायची तऱ्हा तीच, पायाखाली धरायची फळी तीच. सासूनं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "बाई, देठं फेकजो नको, भाजीत घालतो आम्ही." मासी म्हणाली, "आमीबी." मग सासू आत आली आणि तिच्या शेजारी बसली.

घर लागत नाही म्हणतेस त्याचं आणखी एक कारण मला दिसतं. तू सगळं एका ताटात वाढत असणार. आपली रीत तशीच आहे, भाकर-भाजी-वरण-भात एकदम. ठाकुमा तसं वाढत नसे. आधी थोडा भात आणि कडू काही, कडुलिंबाची कोवळी पानं घालून तळलेलं वांगंसुद्धा चालतं. मग डाळ, मग पाल्याची भाजी, मग मासोळी, शेवटी आंबट चटणी. दर वेळी भाताचा नवा कोपरा. ती बाजूला बसून वाढत राहायची आणि तू उठेपर्यंत तिचं ताट रिकामं असायचं. एका रविवारी तसं वाढून बघ. चारच पदार्थ कर, पण एकापाठोपाठ एक वाढ.

आता राहिलेलं कॅम्पातून मिळवायचं आहे. तुझी पिशी, म्हणजे आत्या, अजून आहे म्हणतेस, तिच्याकडे जा, पण "कृती सांग" असं विचारू नकोस. असं विचारलं की बाया गांगरतात आणि टीव्हीवर पाहिलेलं सांगायला लागतात. तिला विचार: ज्या दिवशी तेल संपायचं त्या दिवशी ठाकुमा काय करायची? पावसात मासोळी मिळाली नाही तर? कोणाकडे सुतक असलं तर त्या घरी काय पाठवायची? पाहुणा अचानक आला की कोणता डबा आधी उघडायची? मी अशा एका प्रश्नावर एका घरी सुक्या मासोळीचा भरता उतरवून घेतला, जो त्या बाईच्या स्वतःच्या सुनेलाही माहीत नव्हता. पिशीला रांधायला लाव, तू बाजूला छोटा वजनकाटा ठेव. ती मूठ भरेल तेव्हा तिचा हात धर, मूठ वाटीत रिकामी करून वजन कर, मग तिला घालू दे. तीनदा मोजून मधला आकडा लिही. ठाकुमाच्या मुलांनाही विचार, म्हणजे तुझ्या चुलत्यांना. रांधणाऱ्या बाईला मीठ आठवतं, जेवणाऱ्याला वास आठवतो, आणि तुला दोन्ही लागतील.

शेजारच्या मराठी घरांनाही सोडू नकोस. ठाकुमाबरोबर धान कापायला जाणारी एखादी म्हातारी असेल. रोवणीच्या दिवसांत त्या शिदोरी वाटून खात. ठाकुमा रात्री पाण्यात ठेवलेला पान्ता भात न्यायची, मिरची आणि भाजलेल्या बटाट्यासोबत, शेजारीण भाकर आणि जवसाची चटणी. तुझी ठाकुमा पान्त्यावर जवसाची चटणी घ्यायची की नाही, हे फक्त ती म्हातारी सांगू शकेल. माझी मासी घ्यायची.

तू लिहिलंस की ठाकुमाचा पाटा तुझ्याकडे आला आहे आणि तो गुळगुळीत झाला म्हणून परसात ठेवला आहेस. तो आत आण. त्याला टाकी लावून घे. टाकी लावणाऱ्या बाया उन्हाळ्यात गावोगाव फिरतात, नाहीतर आठवडी बाजारात चौकशी कर. खाचा फार खोल नको, मोहरी अडकून राहते, तिला सांग की बारीक टिपके मार. मग दोन वेळा मूठभर तांदूळ वाटून फेक, दगडाची कच निघून जाईल. तिसऱ्या वाटणाला थोडं मीठ आणि हळद घे, तेही फेक. चौथ्यांदा मोहरी घाल, गार पाण्याची वाटी डाव्या हाताला ठेव आणि वाटून झालं की झाकून दहा मिनिटं थांब.